काचेच्या समुद्रात जास्तीचं मीठ

घरून,
४ फेब्रुवारी

चिरंजीव विसरभोळ्यास आजीचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

आधी माझी ओळख करून देते, तुझ्या लक्षात असेलच असं नाही. मी तुझ्या बापाची आई. तू शाळेत जाताना सदरा उलटा घालायचास, तो सुलटा करून देणारी. मला लिहिण्यावाचण्याची विद्या नाही, म्हणून खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला पुढ्यात बसवून हे सांगते आहे. तो म्हणतो, आजी, आटोपतं घ्या. त्याला म्हटलं, कापड बेततोस तसं माझं बोलणं बेतू नकोस.

तुझं पत्र आलं. शिंप्याने वाचून दाखवलं. दोन पानं भरून मासे! तू ज्याला अ‍ॅनिमोनी म्हणतोस ते समुद्रफूल नीट उघडतं का, त्याच्या बोटांमध्ये राहणारी ती पट्ट्यापट्ट्यांची क्लाउनफिशची जोडी खाते का, दिवे वेळेवर लागतात का. आणि शेवटी कोपऱ्यात एक ओळ, घरी बाकी सगळे ठीक असतील. बाकी म्हणजे कोण रे? मी तर ठणठणीत आहे. म्हणजे बाकीत उरली तुझी बायको.

ऐक तर. पाचव्या महिन्यात मूल गेलं आणि दवाखान्यातून घरी आली, तेव्हापासून मास्तरीण पलंगावर आहे. शाळेत रजा टाकली आहे. पुढे ताट ठेवलं तर दोन घास, नाही ठेवलं तर तेवढेही नाहीत. तुला कळवलं होतं. बेटावरून बोटीने येशील म्हणून मी दाराला आतून कडी लावत नव्हते. तू आला नाहीस, तुझी चौकशी आली, तीसुद्धा माशांची.

तिच्या भावाचा निरोप आहे की पुढच्या महिन्याच्या मध्याला येऊन तिला माहेरी घेऊन जातो. किती दिवसांसाठी, असं विचारलं तर म्हणाला, बघू. बघू म्हणणाऱ्याच्या मनात सगळं ठरलेलं असतं. तिला विचारलं तर ती ना हो म्हणाली, ना नाही. मला वाटतं ती गेली की परत यायची नाही. आता तू ठरव काय करायचं ते.

तोवर काचेच्या टाकीतला तुझा समुद्र मी सांभाळते आहे. तिला उठवावंसं वाटत नाही. पाणी रोज थोडं आटतं, मी रोज भर घालते. तुझ्या त्या खास मिठाचं पोतं आहे ना, त्यातलं मीठ बादलीत कालवते, थेंब जिभेवर घेऊन बघते आणि ओतते. माझ्या हातचं मीठ आजवर कधी चुकलं नाही. फूल मात्र अलीकडे आक्रसून, तोंड वासून बसतं. भूक लागली असेल म्हणून कोळंबीचा तुकडा भरवते, तर तो थुंकून देतं. सध्या या घरात कुणाला काही खायचंच नाही.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. मी म्हणते, आधी आठवण असू दे, लोभ तिच्या मागून येईल.

तुझी आजी
(अक्षर शिंप्याचं, बोलणं माझं)


बेटावरून,
१३ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आजच मिळालं आणि बोट तासाभरात परत सुटते आहे. फोन इथे लागत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून क्रेन बंद ठेवून हे लिहितो.

आजी, मीठ घालणं लगेच थांबव. पाणी आटतं ते नुसतं पाणी आटतं, मीठ टाकीतच राहतं. त्यात भर घालायची ती साध्या, गाळलेल्या पाण्याची. तू रोज खारं पाणी ओतलंस म्हणजे टाकी दिवसेंदिवस खारट होत गेली असणार. तुझ्या जिभेचा दोष नाही, ओतायच्या बादलीतलं पाणी तू चाखलंस, टाकीतलं चाखलं नाहीस. फूल भुकेलं नाही, आजारी आहे. त्याला भरवू नकोस.

रोज थोडं जुनं पाणी काढून साधं घाल. एकदम नको, सावकाश. आणि एक महत्त्वाचं. आजारी फूल जागा सोडून चालायला लागतं. लाटा करणारा तो पंखा आहे ना, त्याच्याजवळ गेलं तर त्यात ओढलं जाईल. पंख्याला स्पंज बांधून ठेवा. शिंप्याला सांग.

तिला सांग, काळजी घे. रजा मिळणं इथे जरा अवघड आहे. काम ऐन भरात आहे आणि क्रेनचा दुसरा मेकॅनिक नाही. भाऊ येतो आहे तर थोडी हवापालट होईल, त्यालाही काही हरकत नसावी.

बोटीने भोंगा दिला. प्रकृतीस जप आणि माझ्यावर रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.

तुझा नातू


घरून,
२४ फेब्रुवारी

चिरंजीवास आशीर्वाद, या खेपेला जरा हात आखडून. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या आधीच फूल गेलं होतं.

सकाळी मी दिवे लावायला गेले तर ते आपल्या दगडावर नाही. बघते तर पंख्याशी गेलेलं, आणि पाणी असं गढूळ की जणू कुणी भाताची पेज ओतली आहे. वास तर सोसवेना. ती मोठी मासोळी आणि तिचा बारका नवरा वरच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे होते. मी हाक मारली. कुणाला मारली ते मलाही कळलं नाही, शिंपी तर दुकान उघडायला गेलेला. मास्तरीण उठून आली. इतक्या आठवड्यांनी स्वतःहून उठली. तिने पंख्याची पिन काढली, बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. पात्यांत अडकलेले तुकडे एकेक करून सोडवले. तोंड वाकडं केलं नाही की नाकाला पदर लावला नाही. मग उरलेलं फूल ओंजळीत घेऊन बाहेर काढलं आणि तशीच उभी राहिली. ते कुठे ठेवायचं ते तिला सुचेना. मी परात पुढे केली.

नंतर दिवसभर आम्ही पाणी बदललं. मी बादल्या भरल्या, तिने ओतल्या. मासे वाचले. पण त्यांचं घर गेलं. दुपारी तिने काच पुसायला हात आत घातला तर ती दोघं तिच्या बोटांत येऊन शिरली. जशी फुलात शिरायची तशी, अंग घासत. तेव्हापासून ती रोज स्टूल घेऊन टाकीपाशी बसते, हात पाण्यात सोडून. बोटं पांढरी पडून सुरकुततात. मी म्हटलं, पुरे कर, मिठाने कातडी सोलवटेल. तर म्हणाली, आजी, मी हात काढला तर ती कुठे जातील?

मी कोरडा पंचा आणून तिच्या मांडीवर ठेवला.

हे पत्र तीच लिहिते आहे. शिंप्याकडे लग्नसराईचे कपडे आहेत. तिच्याविषयी काही सांगितलं की तिची लेखणी थांबते. विचारते, हे गाळू का? मी म्हटलं, सांगणं माझं काम, लिहिणं तुझं, मध्ये बोलायचं नाही. मास्तरीण असलीस तर शाळेत.

आता तुला सांगते. तिला सांग, काळजी घे, हे तू मला कशाला लिहितोस? मी काय पोस्टमन आहे? तिचं पत्र तिला लिही. हवापालट व्हावी म्हणतोस, हरकत नाही म्हणतोस. हरकत घेणारं कुणीतरी असावं म्हणूनच माणूस लग्न करतो. मी तिला थांबवणार नाही. थांब म्हणायचा हक्क माझा नाही, आणि ज्याचा आहे तो क्रेनवर चढून बसला आहे.

मिठाचं म्हणशील तर हो, चुकलं माझं. साधी गोष्ट होती, मला कळायला हवी होती.

आशीर्वाद आहेतच, ते काही रजेवर जात नाहीत.

तुझी आजी

ता. क. हे आजींनी सांगितलेलं नाही, माझं मी लिहिते आहे. त्या आता आत गेल्या आहेत. मीठ त्यांनी घातलं, पण पलंगावरून टाकी सरळ दिसते. त्या रोज पोत्यातलं मीठ काढायच्या ते मी बघत होते. चुकतं आहे हे मला कळत होतं. तोंड उघडून एवढंच सांगायचं होतं, आणि माझ्याने बोलवलं नाही. दोष त्यांच्यावर ठेवू नये.


बेटावरून,
६ मार्च

प्रिय मास्तरीणबाई,

हे पत्र फक्त तुला आहे. आजीला वाचून दाखवायचं की नाही ते तूच ठरव.

तुझ्या ओळी मी पुष्कळदा वाचल्या. तुझ्याने बोलवलं नाही, हे मला कळतं. कारण माझ्यानेही इथून हलवलं नाही. रजा अवघड आहे असं मी लिहिलं, ते खोटं होतं. मी रजा मागितलीच नव्हती. बातमी आली त्या दिवशी साहेबांनी स्वतः सांगितलं होतं, जा. मी पिशवी भरली, धक्क्यावर गेलो, बोटीच्या फळीवर पाय ठेवला. मग वाटलं, दार तू उघडशील, आणि मी काय म्हणू? बोट गेली. मी परत येऊन क्रेनला तेल घातलं. तिला तेलाची गरज नव्हती.

माशांबद्दल विचारत राहिलो, कारण त्याला उत्तर असतं. दिवे लागतात, नाहीतर लागत नाहीत. तू कशी आहेस, असं विचारायला धीर झाला नाही. तू लिहिलं असतंस तर वाचायलाही झाला नसता.

फूल मीच आणलं होतं आणि सांभाळायला तुमच्यावर टाकून आलो. ते गेल्याचं वाईट वाटतं, पण तू ते एकटीने हातांनी सोडवलंस, त्याचं जास्त वाटतं. त्या पात्यांना धार असते. हात कापला नाही ना?

रजा आता मागितली आहे आणि मिळाली आहे. महिनाअखेरच्या बोटीला जागा आहे. तू भावाबरोबर गेलेली असलीस तर तिकडे येईन. पण तुला नको असेल तर नाही येणार. येऊ का?

तुझाच


घरून,
१६ मार्च

चिरंजीवास आशीर्वाद, पूर्ण मापाचे. वि. वि.

शिंप्याची पाळी परत आली, त्यावरून तू ओळखलं असशील. मास्तरीण काल गेली.

तुझं पत्र त्याच सकाळी आलं. भाऊ दारात ट्रंक उचलून उभा होता. तिने पत्र उभ्याउभ्या वाचलं, मग स्टुलावर बसून परत वाचलं. भाऊ म्हणाला, उशीर होतो आहे. तिने त्याला हाताने थांबवलं, तोंडाने नाही. मला काही वाचून दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवलं. फाडलं नाही एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. तू काय विचारलं आहेस ते मला ठाऊक नाही, पण काहीतरी विचारलं आहेस हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. उत्तर तिने दिलं नाही. माझ्याजवळ निरोपही ठेवला नाही.

जाताना काचेवर लाल खूण करून गेली, साधं पाणी इथवर आलं पाहिजे म्हणून. माशांना एक मातीची कुंडी आडवी करून ठेवली आहे. बारका आत-बाहेर करतो, मोठी अजून रुसली आहे. मी हात घालून बघितला, तर दोघं माझ्याकडे ढुंकून बघत नाहीत. त्यांना काय वाटतं, मीठवाली आली.

ती परत येईल का, असं विचारशील. मला माहीत नाही. खोटी आशा लावणं मला जमत नाही, आणि या वयात शिकायचंही नाही. तिचा भाऊ वाईट नाही, पण त्याने ट्रंक मोठी आणली होती आणि तिने ती भरली. हिवाळ्याची शालसुद्धा घेतली. हे तुला कळायला हवं, म्हणून सांगते.

मात्र दारात तिने मला एक विचारलं. म्हणाली, आजी, महिनाअखेरची बोट सकाळी लागते की संध्याकाळी? मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी कधी बोटीत बसले? शिंप्याला ठाऊक होतं, त्याने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि गेली. याचा अर्थ तू लावायचा नाहीस, मीही लावत नाही. शिंपी लावू बघत होता, त्याला गप्प केलं.

तेव्हा बोटीतून उतरलास की इकडे फिरकू नकोस. मी कुठे पळून जात नाही, मासेही जात नाहीत. सरळ तिच्या दारात जा. तिने दार उघडलं आणि काही सुचलं नाही तर सुचलं नाही म्हण. तिलाही फार काही सुचत नाही सध्या.

लोभ माझ्यावर नंतर कर, आधी जिथे त्याची बाकी थकली आहे तिथे कर.

आणि दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणतात, तिचं रक्त फार कमी झालं आहे, रोज खजूर द्या. म्हणून खजूर पाठव. नाही, पाठवू नकोस, हाताने घेऊन जा. मऊ, काळे बघून घे. बिया तू काढ, तिला काढायला लावू नकोस. आणि दोघांना पुरतील एवढे घे.

तुझी आजी