नातीची बोहणी आणि उलटी पाटी

आदरणीय व्याही देवीदासराव,

अमरावतीहून शेषरावाचा मनापासून जय भीम. तुमच्या गुडघ्यांचे आणि विहीणबाईंच्या खोकल्याचे कसे आहे? तुमच्या डोळ्यांचे मात्र मुद्दाम विचारतो, कारण पुढे येईलच.

आपल्या प्रियदर्शनीने डोळे तपासायचे दुकान उघडले. (नात दोघांची, पण शिकली माझ्या घरी राहून, हे विसरू नये.) पहिला पेशंट मीच व्हायचे ठरले आणि माझा जीव टांगणीला लागला. तुमच्याकडच्या नामकरणाहून परतल्यापासून मला चष्मा लावूनही धूसर दिसत होते. नजर गेली, असे मनात धरून मी गप्प होतो. पण बोहणीलाच सख्खा आजोबा आंधळा निघाला, तर पोरीच्या दुकानात कोण येणार? म्हणून आदल्या दिवशी, तोरण बांधायच्या निमित्ताने आत जाऊन, भिंतीवरच्या पाटीची शेवटची ओळ जवळून पाठ केली. (अक्षरे उलटी छापलेली होती. पोरीला कोणी फसवले असे वाटले, पण शुभकार्यात बोललो नाही.)

दुसऱ्या दिवशी तिने आधी मशीनवर हनुवटी टेकवायला लावली. मशीनने एक नंबर काढला. मग डोळ्यांत बारीक बत्ती हलवून तिने दुसरा काढला. फरक थोडाच, पण होता. दोघांतले खरे कोण? शेवटी समोरच्या आरशाकडे पाहायला सांगितले. खोली लहान असली की पाटी पेशंटच्या डोक्यामागे उलटी टांगतात आणि आरशात ती सुलटी दिसते, हे मला कोण सांगणार? मी ओळ धडाधड म्हणून टाकली. सगळी अक्षरे बरोबर, फक्त मागून पुढे.

"आबाजी, तुमच्या डोक्याले मागून डोळे आहेत का?" प्रियदर्शनी म्हणाली. आमची पंचफुला हार घेऊन उभी होती. ती म्हणते, "चौथीतबी असेच पास झाले असतीन हे."

पोर रागावली नाही. "मशीन अंदाज सांगते, बत्ती पडताळा देते," ती म्हणाली, "पण आखरी शब्द तुमचा. तुमीच खोटं सांगसान त मी काय करू?" देवीदासराव, आजवर माझा शब्द बायकोपुढे चालला नाही, तो मशीनच्या वर गेला. मग मी खरे सांगत गेलो. ती काच बदलून विचारायची, "हे साजरं दिसते का ते?" मी गोंधळलो की न कंटाळता पुन्हा विचारायची. (हा सोशिकपणा माझ्याकडून आला.) शेवटी सगळी ओळ दिसली, डावीकडून. नजर शाबूत आहे. दुकानासाठी आणलेला हार मी तिच्याच गळ्यात घातला.

तुमचा, नव्या नंबराचा,
शेषराव

ता. क. तिने माझा जुना चष्माही तपासला. त्याचा नंबर माझ्या डोळ्यांच्या जवळपासही नाही. माझ्या चष्म्याच्या दांडीला पंचफुलाने पांढरा दोरा गुंडाळला होता, याला काळा आहे. नामकरणाच्या दिवशी तोंड धुताना आपण दोघांनी चष्मे एकाच खिडकीत ठेवले होते. तरी आपली दांडी पाहावी. अकोल्यात हल्ली पेपर पुसट छापतात, असे तुम्ही फोनवर म्हणाला होता. पेपरवाल्यांकडे तक्रार करण्याआधी पाहावी.

आणखी एक. चष्मा पोस्टाने पाठवू नका, घेऊन स्वतः या. दुकानातला दुसरा मान तुमचा. येऊन पाटी पाठ करू नका. करायचीच झाली तर उजवीकडून करा.