ताकवाले सात, बिनताकवाले सात

८ जानेवारी १९७३, सोमवार
आजपासून रोजनिशी. संशोधन करणाऱ्या माणसाने रोजनिशी ठेवलीच पाहिजे. परवापर्यंत मी, सूर्यभान कोठुळे, वय बेचाळीस, नगरच्या हॉस्पिटलातला साधा रेकॉर्ड क्लार्क होतो. हुद्द्याने आजही आहे. पण सकाळी डॉक्टर ठुबेबाईंनी केबिनमध्ये बोलावून चौदा कार्डं हातात ठेवली. गेल्या वर्षी पुण्याहून किरणांचा उपचार घेऊन आमच्याकडे आलेले कॅन्सरचे चौदा पेशंट. किरणांनी पोट बिघडतं, जुलाब लागतात, माणूस खंगत जातो. बाईंनी त्यातल्या सात जणांना वॉर्डात रोज ताजं ताक दिलं. बाकी सात जणांना नुसती नेहमीची औषधं. ताकवाल्यांची कार्डं गुलाबी, बिनताकवाल्यांची पांढरी. आता वर्षानंतर कोण कसं आहे ते बघायचं. जिवंत आहे का, वजन किती, शौचाला कसं होतं, रक्त पडतं का.
बाई म्हणाल्या, घरी जायचं, समोर बसून विचारायचं, ऐकीव माहिती मला नको. मी म्हटलं, बाई, काळजी सोडा.
प्लॅन: महिनाअखेर चौदाही कार्डं पूर्ण.

९ जानेवारी, मंगळवार
कार्डावरचे प्रश्न पाठ केले. पाठ करता करता डाव्या बाजूला पोटात काहीतरी वळवळल्यासारखं झालं. जेवण गेलं नाही. बायको मनकर्णा म्हणाली, भाजी आवडली नसेल तर तसं सांगा.

१० जानेवारी, सकाळी ७
रक्त. थोडंच. पण लाल.

१० जानेवारी, दुपारी
ठुबेबाईंना सांगायचं नाही. सांगितलं तर तपासतील. तपासलं तर सापडेल. सापडलं तर पुण्याला पाठवतील, आणि वर्षाने कुणीतरी माझं कार्ड घेऊन माझ्या दारात उभा राहील. मनकर्णेला तर मुळीच सांगायचं नाही. ती आधी रडेल आणि मग ठुबेबाईंना सांगेल.
निर्णय: स्वतःवर प्रयोग. वॉर्डासाठी येणाऱ्या ताकातले दोन ग्लास रोज मी घेणार. केवळ शास्त्रीय हेतूने. पेशंटांना थोडं कमी पडेल, पण दुष्काळात दूधच कमी येतंय, त्याला मी काय करणार.

१३ जानेवारी, शनिवार
पहिली भेट. काष्टीचा सहादेव, गुलाबी कार्ड, आतड्याचं ऑपरेशन झालेला. आज काष्टीचा बाजार, एस.टी.त उभं राहायला जागा नव्हती. काय विचारणार होतो? राम राम, तुम्ही जिवंत आहात का?
पत्त्यावर पोचलो. कोपऱ्यावरूनच पाहिलं. अंगणात दहाबारा माणसं मान खाली घालून बसलेली. माझ्याकडे पाठ करून एक जण बाजेवर, मुंडन केलेला. घरात बाया रडत होत्या. पुढं जायची गरजच उरली नाही. दुःखाच्या घरी प्रश्न विचारणं माणुसकीला धरून नाही. पाच मिनिटांत स्टँडवर परत.
नोंद: सहादेव. मयत.
परतीच्या वाटेवर जिवाला बरं वाटलं. पहिलं कार्ड एका दिवसात पूर्ण.

१५ जानेवारी, सोमवार
पद्धत सुधारली. इतकं फिरण्यात हॉस्पिटलचा वेळ जातो. बाकी तेरा जणांना पोस्टकार्डं टाकली. मजकूर छान जमला: "आपल्या प्रकृतीची विचारपूस करण्यास दवाखान्याचा माणूस लवकरच येईल. तोवर जपावे." पत्र परत आलं तर माणूस गेला. परत आलं नाही तर माणूस ठणठणीत. सरकारचं पोस्ट खोटं बोलत नाही.
रक्त नाही. ताकाचा गुण.

२ फेब्रुवारी, शुक्रवार
सहा पत्रं परत आली. चार गुलाबीवाल्यांची, दोन पांढऱ्यावाल्यांची. सगळ्यांवर पोस्टमनचा एकच शेरा, घरी नाहीत. मयत लिहिताना वाईट वाटलं, पण शास्त्रात भावनेला जागा नाही. बाकी सात जणांच्या कार्डांवर: प्रकृती उत्तम, शौच नियमित, वजनात वाढ. हे लिहिताना मात्र फार समाधान वाटलं.
मनकर्णा डोकावली. म्हणाली, माझ्या माहेरचं निम्मं गाव दुष्काळी कामावर खडी फोडतंय, तिथं कुणालाही पत्र टाकलं तरी परतच येईल, मग काय अख्खं गाव मेलं? तिला म्हटलं, हा रिसर्च आहे, घरगुती गोष्ट नाही.

५ फेब्रुवारी, सोमवार
कार्डं बाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी दोन ढीग केले, मोजले, परत मोजले. चष्मा काढला. ताकवाल्या सातांत पाच मयत, बिनताकवाल्या सातांत दोन. हळूच म्हणाल्या, "पाच? मी चांगलं करायला गेले हो." मग सिस्टर मुक्ताबाईंना हाक मारून आजपासून वॉर्डातलं ताक बंद करायला सांगितलं. काय घडतंय ते समजेपर्यंत एकालाही द्यायचं नाही.
मला वाटलं होतं शाबासकी मिळेल.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
आत्ता लक्षात आलं. सातांत पाच! आणि मी सव्वीस दिवस रोज दोन ग्लास पितोय! आरशात जीभ पाहिली, पांढरी आहे. ओपीडीच्या काट्यावर तीनदा वजन केलं, तीनदा वेगळं आलं. ताक बंद. दहीही बंद. मनकर्णेने कढी केली होती, ताटावरून उठलो.

६ फेब्रुवारी, मंगळवार
रात्री डोळा लागला नाही. पहाटे आठवलं की ते आकडे मीच लिहिलेत. थोडा वेळ बरं वाटलं. मग जास्तच भीती वाटली, पण कशाची ते नीट कळेना.

८ फेब्रुवारी, गुरुवार
वॉर्डात रजिस्टर न्यायला गेलो. सात नंबरच्या खाटेवर लंकाबाई आहे, अकोले तालुक्यातल्या डोंगरातली, पुण्याहून किरणांचा उपचार घेऊन आल्याला तीन आठवडे झाले. माझा हात धरला. "साहेब, ताक का बंद केलं रं बाबा? अन्न तर पोटात ठरत न्हाई. त्या ताकावरच जरा जीव धरला हुता." मी म्हटलं, वरून ऑर्डर आहे. ती म्हणाली, मग वरच्याला सांग की म्हातारी मागती म्हनून.
वरचा म्हणजे मी. हे तिला सांगितलं नाही.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
लंकाबाईचं वजन छत्तीसवरून तेहतीस. दुष्काळात सगळ्यांचंच कमी होतंय. उद्या बाईंना सांगणार, की पोस्टाच्या पद्धतीत थोडी त्रुटी असू शकते.

१४ फेब्रुवारी
बाई मीटिंगमध्ये.

१५ फेब्रुवारी
बाई मोकळ्या होत्या. पण चेहरा थकलेला. अशा वेळी त्रास देणं बरं नव्हे.

१६ फेब्रुवारी
रक्त. मन लागत नाही.

१७ फेब्रुवारी
शनिवारी वाईट बोलू नये. सोमवारी नक्की.

१९ फेब्रुवारी, सोमवार
आज जे झालं ते क्रमाने लिहितो.
अकरा वाजता खिडकीशी एक उंच माणूस आला. डोक्यावर नुकतेच उगवलेले आखूड केस. म्हणाला, "राम राम. काष्टीहून आलोय. सहादेव. बाईंनी वरसानं दाखवायला सांगितलं हुतं."
दौत सांडली. माझ्या तोंडून निघालं, तुम्ही तर गेलात. तो म्हणाला, "म्या न्हाई, वडील गेले. संक्रांतीच्या तोंडावर. ऐंशी वरसांचा म्हातारा." म्हणजे बाजेवर पाठ करून बसलेला मुंडन केलेला माणूस, तो हाच. मी त्याच्यापासून वीस पावलांवर उभा होतो.
तब्येत? दुष्काळी कामावर पाट्या उचलतो. भाकरी पचते. ताक मिळेल तेव्हा पितो.
आणि मी काय केलं? मी सांगितलं, बाई आज नाहीत. बाई पलीकडच्या खोलीत होत्या, त्यांचा आवाज ऐकू येत होता. तो एक दिवसाचा खाडा करून आला होता. "बरं, मग गुरुवारी येतो," म्हणाला.
प्लॅन: गुरुवारी रजा. तोवर एक तरी कार्ड खरोखर बरोबर आहे हे डोळ्यांनी पाहून यायचं. म्हणजे बाईंना सांगताना आधाराला काहीतरी हवं. नेवाशाजवळची कडूबाई. पांढरं कार्ड. प्रकृती उत्तम, वजनात वाढ.

२१ फेब्रुवारी, बुधवार, दुपारी ४
नेवासा स्टँड. बस अजून लागली नाही, इथेच लिहितो.
कडूबाईच्या घरी गेलो. प्रवरेला पाणी नाही, पात्रातूनच चालत गेलो. घरासमोर तिची मुलगी साळूबाई बसली होती. आज पहिल्यांदा मी दारापर्यंत गेलो. दवाखान्यातून आलो म्हटलं. ती आत गेली आणि माझं पोस्टकार्ड घेऊन आली.
"मागल्या सोमवारी गेली," म्हणाली. "हे पत्र आल्यापासून रोज सकाळी लुगडं बदलून दारात बसायची. दवाखान्याचा मानूस येनार हाय म्हनायची. दुखत हुतं लई. मी म्हनलं, गाडीत घालून नगरला नेते. तर न्हाई म्हनली, आपन तिकडं गेलो अन् मानूस इकडं आला तर चुकामूक व्हईल."
मी विचारलं, वजन किती होतं? का विचारलं देव जाणे. कार्डावर दुसरा प्रश्न तोच आहे.
साळूबाई रागावली नाही. पाणी दिलं. रागावली असती तर पिता आलं असतं.
एस.टी. लागली.

२२ फेब्रुवारी, गुरुवार
रजेचा अर्ज लिहून खिशात ठेवला होता. सहादेव साडेदहालाच आला. मी खिडकीतून त्याला पाहिलं, त्याने मला पाहिलं. पळायला मागचं दार आहे. उठलो, पण त्याचा हात धरला आणि बाईंच्या खोलीत घेऊन गेलो. बोलायचं होतं ते सगळं पाठ केलं होतं, ते सोडून त्याचं गुलाबी कार्ड फायलीतून काढून टेबलावर ठेवलं.
बाईंनी कार्ड वाचलं. त्याच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
सहादेवने विचारलं, काय लिवलंय? बाईंनी वाचून दाखवलं. तो हसायला लागला. "मी मेलो व्हय? मग सोमवारी ह्या साहेबाशी बोललं कोन?" म्हणजे सोमवारचंही निघालं.
तो बाहेर गेल्यावर मी सगळं सांगितलं. पोस्टकार्डं, कडूबाई, साळूबाई, वॉर्डातलं ताक पीत होतो तेही. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "कोठुळे, तुम्हाला एवढी कसली भीती वाटत होती?" मी म्हटलं, मेलेला माणूस दारात भेटेल याची. मग म्हटलं, आणि जिवंत भेटेल याची पण.
बाई उठून वॉर्डात गेल्या. लंकाबाईला दुपारी ताक मिळालं.

२६ फेब्रुवारी, सोमवार
आता लपवण्यासारखं उरलं नाही म्हणून बाईंना रक्ताचंही सांगितलं. तपासलं. दोन मिनिटं. मूळव्याध. तिखट कमी करा, पाणी जास्त प्या. एवढंच. आनंद व्हायला हवा होता. घरी सांगितलं, तर मनकर्णा म्हणाली, एवढं मला महिन्यापूर्वी सांगितलं असतं तर मिरची मीच कमी केली असती.
ठराव: नोकरी राहिली तर चौदाही घरी स्वतः जाऊन पायावर डोकं ठेवायचं.

२७ फेब्रुवारी
नोकरी राहिली. कार्डं राहिली नाहीत. चौदाही घरी बाई स्वतः जाणार, रविवारी आणि सुटीच्या दिवशी, एस.टी.ने. मी म्हटलं, बाई, मी बरोबर येतो. नको म्हणाल्या.

२८ मार्च, बुधवार
बाईंचं काम झालं. खडी फोडणाऱ्या तिघी, ऊसतोडीला गेलेला एक, सगळे शोधून काढले. ताकवाल्या सातांत चार हयात. बिनताकवाल्यांतही चार. वजनांत विशेष फरक नाही. मी धीर करून विचारलं, मग सिद्ध काय झालं? बाई म्हणाल्या, काही नाही, माणसं फार थोडी होती. अजून शंभर तरी लागतील. ताक मात्र चालू ठेवणार, कारण पेशंटांना ते प्यावंसं वाटतं.
म्हणजे माझे आकडे खोटे, आणि खऱ्या आकड्यांनाही काही सांगता आलं नाही. पण मधल्या काळात सतरा दिवस सात नंबरच्या खाटेला ताक मिळालं नव्हतं. तो आकडा कुठल्याच कार्डावर नाही.

७ एप्रिल, शनिवार, सकाळी
लंकाबाई घरी निघाली. वजन चौतीस. बाई म्हणाल्या, तिचा आग्रह आहे, डोंगरात जायचं म्हणते, आपण अडवायचं नाही. डिस्चार्जचे कागद करायला मी गेलो. पत्ता विचारला. गावाचं नाव, मग पाड्याचं, मग कुठल्या ओढ्यापासून वर चढायचं, शेवटी म्हणाली, जीप जिथं थांबती तिथून कुनालाबी इचार. मी सगळं लिहून घेतलं. अक्षर चांगलं काढलं.
जाताना म्हणाली, "तूच येशील ना रं बाबा बघायला? तुझं तोंड वळखीचं झालंय."
मी येतो म्हटलं.

७ एप्रिल, दुपारी
लंकाबाईचं नवीन कार्ड तयार करून बाईंकडे नेलं. जुलैमध्ये भेट. बाईंनी वाचलं, पत्ता छान लिहिलाय म्हणाल्या, आणि कार्ड मुक्ताबाईंच्या हातात दिलं. मुक्ताबाई जाणार.
मी दारात उभा होतो. वाईट वाटायला हवं होतं. एक शब्द टाकायला हवा होता, की मी तिला येतो म्हटलंय. तोंड उघडलं नाही. छातीवरचा दगड खाली ठेवल्यासारखं झालं. सुटलो असंच वाटलं.
हे कुणाला सांगता येणार नाही. म्हणून इथे लिहिलं.