सातव्या वेळचा आवाज

प्रिय डॉक्टर शालक,

तुझ्या दाजींचे आशीर्वाद. तू, तुझी मंडळी आणि तुझ्या दवाखान्यातले तमाम दुखरे कान सुखरूप असतील असं धरून चालतो. इकडे तब्येती ठीक. फक्त तुझी ताई वर्षभरापासून गुणगुणायची थांबली आहे. पूर्वी कपड्यांच्या घड्या घालतानासुद्धा तिचं गाणं चालू असायचं. आता नुसते ओठ हलतात. (मला मनातल्या मनात बोल लावत असणार. माझं काय चुकलं, ते विचारायची छाती होत नाही.) घर अगदी मुकं झालंय रे, करमत नाही.

निदान यंत्र तरी गाईल, म्हणून आम्ही दोघं स्पीकर आणायला गेलो. पण तीस वर्षं दुकानदारांची वजनमापं तपासलेल्या माणसाच्या हाती जाहिरातीचं पत्रक देऊ नये. त्यात लिहिलेलं, ‘गायकाचा श्वास ऐका.’ (श्वासच ऐकायचा तर मी दोन जिने चढून येतो, फुकट ऐका.) वायरीला म्हणे सोन्याचा मुलामा, त्यानं सूर उबदार होतात. वायर आहे की शाल? विक्रेता बिचारा गोड बोलत होता, पण मी खात्यातला खाक्या सोडला नाही. स्वस्त आणि महाग असे दोन्ही स्पीकर पडद्याआड ठेवायला लावले. म्हटलं, दहा वेळा मनाला येईल तो लाव, मी नोंद करतो. दहाही वेळा मी वहीत लिहिलं, ‘फरक नाही’. खाली तारीख, सही. (शिक्का जवळ नव्हता.) ती वही त्याच्या नाकासमोर धरली, तर तो माझ्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाला, “काका, सातव्या वेळी मी काहीच लावलं नव्हतं. चहा पीत होतो.”

आता ही शुद्ध लबाडी नव्हे तर काय? मी तडक बाहेर पडलो. तुझी ताई मागून पदराआड हसत आली, तेवढाच काय तो फायदा.

तुझा,
दाजी

ता. क. ती सातवी ओळ काही डोक्यातून जात नाही. गुरुवारी गुपचूप येतो, कान तपासशील? ताईला कळू देऊ नकोस, दुकानात फार तोरा मिरवलाय. आणि कानाला यंत्र लावावंच लागलं तर लाव, पण ‘पान गळल्याचा आवाज ऐका’ असलं पत्रक मला दाखवू नकोस.

बाळ्या, पाकीट त्यांनी चिकटवलंय, म्हणून पाठीवर लिहिते. हे पत्र लिहिताना पुटपुटत होते. म्हणजे त्यांच्या मते पुटपुटत होते. मला स्वयंपाकघरात शब्दन् शब्द ऐकू आला, खालच्या मजल्यालाही आला असेल. गुरुवारी आम्ही दोघंही येतो. त्यांचं काही चुकलेलं नाही, आणि मी बोलही लावत नाही. गाणं मी एक दिवसही थांबवलेलं नाही रे. आत्ताही त्यांच्या शेजारी बसून गातेच आहे.