दिगंबरभाऊजींचं मानपत्र

नेपरव्हिल, इलिनॉय
रविवार, ५ नोव्हेंबर २००६

तीर्थस्वरूप दिगंबरभाऊजींना,
शैलाचा नमस्कार.

तुमचा दिवाळीचा खोका पोचला. चकल्यांचा वाटेत चुरा झाला होता, पण अनारसे शाबूत होते आणि ते इलाने एकटीने संपवले. सातवीत गेलीय आता, उंचीला माझ्या पुढे. "काकांना दोन ओळी लिही" म्हटलं तर म्हणाली, "मॉम, यू राइट. यू आर द लेटर पर्सन." म्हणून मी बसले. परवा इथे पहिला बर्फ पडला, ड्राइव्हवे अजून निसरडा आहे. लॅबमध्ये काम नेहमीसारखंच.

शनिवारी तुम्ही येताय, विमानाचं तिकीट झालंय, असं शशिकांतकाकांकडून कळलं. इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष म्हणून त्यांचा उत्साह यंदा काही विचारू नका. सप्टेंबरात पेपरात तुमचा फोटो आला ना, जनरलच्या वॉशिंग्टन भेटीचा, तो त्यांनी कापून कार्यकारिणीच्या बैठकीत फिरवला. मध्ये दोन झेंडे, जनरलचा हात परराष्ट्र खात्यातल्या एका साहेबांच्या हातात, आणि मागे कडेला तुम्ही. "आपला मराठी माणूस कुठे पोचला बघा!" तेव्हाच ठरलं, दिवाळीच्या कार्यक्रमात तुमचा सत्कार करायचा. गणवेशातला तो माणूस कोण, हे कोणी विचारलं नाही. बटाटेवडे चारशे की पाचशे, यावर मात्र अर्धा तास चर्चा झाली.

शाल मंडळातली वल्लरी आणणार आहे. आणि मानपत्र लिहायला मला सांगितलंय. काका म्हणाले, "घरच्याच माणसाने लिहिलं तर त्यात जिव्हाळा येतो. शिवाय शैला, तुझं मराठी अजून शुद्ध आहे, आमचं सगळं मिक्स झालंय यार." मी हो म्हटलं. खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. तुम्हीच आम्हाला इथे टिकवलंत, असं मी तीन वर्षं लोकांना सांगत आले होते.

मानपत्र लिहायचं म्हणजे माणसाची कामगिरी माहीत हवी. तुम्ही फोनवर म्हणालात, "माझ्या सेक्रेटरीला सांगतो, ती सगळं पाठवेल." तिने खरंच सगळं पाठवलं. तुमच्या कन्सल्टिंग फर्मचे अहवाल, आभाराची पत्रं, जनरलच्या सरकारसाठी केलेल्या कामाची अख्खी फाइल. तुम्ही ती एकदा चाळून घ्यायला हवी होती, भाऊजी.

जनरलच्या त्या देशाचं नाव मी या घरात घेत नाही. गिरीश तिथे पाइपलाइनवर इंजिनिअर होता, एवढंच इला सांगते, "अँड ही डाइड ऑफ अ हार्ट अॅटॅक." मी तिला तसंच शिकवलंय.

जून २००३ मध्ये गावकरी पाइपलाइनच्या वाटेत बसले होते. जनरलच्या सैनिकांनी गोळीबार केला. गिरीशने गावात फिरून मेलेल्यांची नावं लिहून घेतली, एकतीस नावं, आणि तो कागद तुम्हाला फॅक्स केला. "दादा वॉशिंग्टनमध्ये आहे, त्याच्या ओळखी आहेत, तो योग्य माणसापर्यंत पोचवेल," असं मला फोनवर म्हणाला. ते आमचं शेवटचं बोलणं; त्यानंतर जनरलच्या माणसांनी त्याला अटक केली. तुमच्या फर्मचं गिऱ्हाईक कोण आहे, हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. घरात कोणी कधी विचारलंच नाही. दादा मोठ्या हुद्द्यावर आहे, एवढं आम्हाला पुरत होतं.

तो कागद फाइलमध्ये आहे. त्याचं तिरकं अक्षर, वर तुमच्या ऑफिसचा शिक्का, आणि शेजारी 'क्लायंटला पाठवले' अशी नोंद. खाली तुमची सही.

त्याला एका पत्राची प्रत जोडलीय. तुम्ही जनरलच्या वकिलातीला लिहिलंय, की संबंधित इंजिनिअरचा भाऊ याच कार्यालयात असल्यामुळे कुटुंबाकडून अडचण येणार नाही. तारीख ९ जून. गिरीश गेला १४ जूनला.

हे मी किती वेळा वाचलं असेल! पहिल्यांदा वाटलं, तारीख चुकली असेल. मग वाटलं, तुम्हाला फक्त अटकेचं माहीत असेल. मग मी तुमची बाजू घेणं बंद केलं. तुमचा भाऊ जिवंत होता, त्याला कोठडीत तहान लागत होती, तो श्वास घेत होता, आणि तुम्ही त्याचं घर गप्प बसेल याची हमी देत होता.

आठवतं, त्या दिवसांत परराष्ट्र खात्यातून एक बाई रोज फोन करायच्या? "वुई आर व्हेरी कन्सर्न्ड, मिसेस बोकारे." वीस जूनला तेलाचा करार झाला आणि एकवीस जूनपासून त्या मीटिंगमध्ये असायच्या. मी तुम्हाला विचारलं होतं, एवढा मोठा देश एका जनरलला का घाबरतो? तुम्ही हसलात. "घाबरत नाही, शैला. तेल हवंय. तू हिवाळ्यात हीटर लावतेस ना? मग झालं तर." तुम्ही हे माझ्या स्वयंपाकघरात, मी केलेला चहा पीत म्हणालात. त्याच बैठकीत तुम्ही तो दुसरा कागद पुढे केलात.

त्या कागदाबद्दल लिहायचं मी टाळत होते. आता लिहिते. मी गिरीशच्या व्हिसावर इथे होते, तो गेला की माझा राहण्याचा हक्क संपला. तुम्ही म्हणालात, मृत्यू नैसर्गिक होता असं शपथेवर लिहून दे, पाइपलाइनची कंपनी तुला इथल्या लॅबमध्ये घेईल, स्वतःच्या व्हिसावर राहशील, इलाची शाळा चालू राहील. मी सही केली. पण मला माहीत होतं, भाऊजी. त्याला इथे आणलं त्या दिवशी, शवागारात तुम्ही बाहेर फॉर्म भरत होता तेव्हा मी चादर बाजूला करून त्याचा उजवा हात पाहिला होता. दोन बोटांना नखं नव्हती. तो हात मी पुन्हा चादरीखाली ठेवला, दुसऱ्या दिवशी सही केली आणि त्यानंतर तीन हिवाळे हीटर लावला.

म्हणजे इथलं सरकार, तुमची फर्म आणि मी, तिघांनी एकच केलं. आम्हाला काहीतरी हवं होतं म्हणून आम्ही बघितलेलं बघितलं नाही. माझी लाज मी भोगतेय आणि भोगेन. पण त्यामुळे तुम्ही सुटाल असं समजू नका.

शुक्रवारी मी बँकेतल्या नोटरीसमोर नवं प्रतिज्ञापत्र केलं. आधीचं खोटं होतं, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. फाइलमधल्या त्या दोन्ही कागदांच्या प्रती जोडून ते अमेरिकन काँग्रेसच्या समितीला आणि एका वार्ताहराला रजिस्टर पोस्टाने पाठवलं. शपथेवर खोटं बोलले म्हणून या नोकरीवर मिळालेलं माझं ग्रीन कार्ड जाऊ शकतं, असं वकीलबाईंनी बजावलं. इलाला समोर बसवून मी सगळं सांगितलं. ती खूप रडली, मग म्हणाली, "सो वुई गो टू नागपूर. ओके." तेव्हा मला धमकावायला आता तुमच्याकडे काही उरलेलं नाही.

समिती काय करेल, मला माहीत नाही. बहुतेक काहीच नाही, जनरल अजून तेल देतोय. म्हणूनच मानपत्र महत्त्वाचं. वॉशिंग्टनमध्ये तुम्हाला कोणी लाजवणार नाही. तुम्हाला ज्यांच्यात मिरवायचंय, त्या तीनशे माणसांसमोर, शाळेच्या त्या हॉलमध्ये, तुमच्या खांद्यावर शाल असताना मी ते वाचणार आहे. काकांनी मजकूर मागितला नाही, फक्त म्हणाले, "पाच मिनिटांत बसव हं." बसवलाय. सुरुवात अशी आहे:

"श्रीयुत दिगंबर बोकारे यांसी, आपल्या सख्ख्या भावाने विश्वासाने सोपवलेली एकतीस मृतांची यादी आपण त्यांच्या मारेकऱ्यांच्या हाती विनाविलंब पोचवलीत. या तत्परतेबद्दल आम्ही आपला सत्कार करीत आहोत."

पुढे एकतीस नावं आहेत. बत्तिसावं गिरीशचं. उच्चार चुकू नयेत म्हणून मी आठवडाभर सराव करतेय.

आला नाहीत तरी वाचीन. तुमच्या रिकाम्या खुर्चीवर शाल ठेवायला वल्लरीला सांगेन.

एक शेवटचं. काल आईंना नागपूरला फोन केला. तीन वर्षं त्या मुलाच्या हृदयाला दोष देत होत्या, लहानपणी दूध कमी पडलं म्हणायच्या. मी सगळं सांगितलं, तारखाही.  मग अगदी शांतपणे बोलल्या. त्यांचे शब्द जसेच्या तसे देते: "दिगूला म्हणावं, मी गेले की येऊ नकोस. अग्नी इला देईल. तुझ्या हातचं पाणी मला पोचायचं नाही."

त्यांचा निरोप पोचवला.

गिरीशची पत्नी,
शैला