वरच्या दगडातला चुना

३० सप्टेंबर १९९८, खंडेनवमी

यांच्या दुकानातली तागडी पुजली, माझी विळी पुजली. लेकीचं, विद्याश्रीचं हत्यार म्हणजे लोखंडी खलबत्ता. एम.एस्सी.ची पोरगी, अभ्यासासाठी म्हणून घरात बसून पन्हाळ्याचे दगड कुटते! शेजारच्या धोंडुबाई विचारतात, मसाला कसला ओ हा? विद्या कॉलेजला गेलेली, म्हणून तिच्या खलाची पूजा मीच केली. खलाला बाहेरून विभूतीचे पट्टे ओढले, आत पण बोट फिरवलं. देवाला अर्धवट काम चालत न्हाय.

११ ऑक्टोबर

आज विचारलंच, कुटून मिळतं काय? पन्हाळ्याच्या पायथ्याचा काळा दगड आणि वरचा तांबडा जांभा, मूळ एकच म्हणे. लाखो वर्षं पावसानं धुऊन वरच्यातला चुना निघून गेला, लोखंड मागं राहिलं. काय किती उरलंय ते मोजलं की दगड कसा झाला ते कळतं.

म्हटलं, मी पण लग्न झाल्यापासून ह्या घरात धुऊन निघालेय, मोज की! महादेवा, हसू नकोस.

१२ नोव्हेंबर

विद्यानं कुटलेल्या दगडांच्या तपासणीचे आकडे आले. वरच्या दगडात चुनाच चुना! तिचे कॉलेजातले सर हरखलेत — नवा शोध म्हणे. विद्याला हैदराबादला संशोधनासाठी शिफारसपत्र देणार. ती मात्र तेच आकडे परत परत तपासत बसलीय.

२० नोव्हेंबर

संध्याकाळी खल घेऊनच स्वयंपाकघरात आली.

"अव्वा, ह्यात काय घातलंवतंस?"

"विभूती. पूजा नको व्हय?"

"कसली विभूती?"

शेणाची महाग पडते, म्हणून मी पेठेतली खडूची आणते. खडू म्हणजे चुनाच की! दसऱ्यानंतर कुटलेला पहिला दगड म्हणजे तो वरचा जांभाच. तिनं खल फडक्यानं पुसलावता, पण तळाच्या भेगेत राहिलीच. खाली बसून हसली, मग रडली.

मी म्हटलं, गप्प बस. सर खूष, महादेव खूष. पन्हाळ्याला कोण विचारायला जातंय?

"मग त्या दगडाचं सगळं खोटंच लिहिलं जाईल, अव्वा."

२१ नोव्हेंबर, शनिवार

सरांना सांगून आली. आधी ते भडकले. मग म्हणाले, सोमवारी नवा दगड आण, नाहीतर शिफारस विसर. म्हणजे हातात फक्त उद्याचा दिवस — आणि उद्याच संकेश्वरची मंडळी तिला बघायला येणार!

हे म्हणाले, "दगड कुठं पळून जात न्हाय. स्थळ पळतं."

विद्या जेवली नाही. मी यांच्या ताटात भाकरी जरा जोरातच आपटली.

२२ नोव्हेंबर

पहाटेच्या एस.टी.नं मी आणि विद्या पन्हाळ्याला. इष्टलिंग गळ्यातच असतं, पूजा पठारावर उरकली. जांभा घेऊन दुपारी परतलो.

पाहुणे येऊन गेलेवते. पोहे यांनीच केले म्हणे. मुलगी कुठाय विचारल्यावर यांनी सांगितलं — कामावर गेलीय.