नोझल तोंडाने फुंकू नये

मी, शेख शकूर वल्द शेख नबी, वय ७२, धंदा ग्यासबत्ती दुरुस्ती, राहणार धामणगाव बढे, तालुका मोताळा, जिल्हा बुलडाणा, माझ्यामागे भांडण नको म्हणून हे लिहून ठेवतो. अक्कल ठिकाणावर आहे. कुणी बळजबरी केलेली नाही; तेवढी हिंमत जिच्यात होती ती बायको सहा वर्षांपूर्वी वारली.

१. घर मुलगा तौसिफ व मुलगी मलिहा यांना शरियतप्रमाणे जावे. त्यात मी बोलणारा कोण? मृत्युपत्राने मला फार तर तिसरा हिस्सा देता येतो, तोही वारस नसलेल्याला. दुकानातला माल त्यात आरामात बसतो.

२. तो माल, म्हणजे नऊ पितळी बत्त्या, पाने आणि कातडी वायसरांचा डबा, सून गुलनार हिला द्यावा. तौसिफला बत्तीचा आवाज आणि कुकरचा आवाज सारखाच वाटतो. गुलनार भाकरी थापता थापता आतून सांगते, "अब्बा, हवा कम है." आणि हवा खरोखर कमी असते.

३. नांदुऱ्याच्या नारायणराव मंडपवाल्यांनी वरातीसाठी नेलेल्या सहा बत्त्या, जनरेटर घेतल्यावर, काचा फोडून परत केल्या. त्यांना मी माफ केलेले नाही. मयतीला आले तर खुर्ची द्यावी, चहा विचारावा, बत्त्यांचा विषय काढू नये.

४. बत्त्या कमी झाल्या तसे मी फवारणीचे पंप दुरुस्त करू लागलो. आत तेच असते: हवा, वायसर, नोझल. बीटी कपाशी आली तेव्हा आता फवारणी संपली असे जो तो सांगत होता. पुढे बोंडअळी आली आणि दुकानात पंपांची रांग लागली. बत्तीच्या नोझलला सुई फार घातली की भोक मोठे होते, म्हणून आम्ही जुने कारागीर ते तोंडाने फुंकतो. २०१७ साली कारभारी नावाचा माझा दोस्त पंपाचे नोझल तुंबते म्हणून विचारायला आला. मी म्हणालो, "सुई नोको घालू बे, तोंडानं फुक." बत्तीत रॉकेल असते, पंपात काय असते, हे माझ्या डोक्यातच आले नाही. त्याने शेतात तसेच केले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. लोकांनी औषधाला बोल लावला आणि मीही मान हलवली. मला त्याची शरम वाटते. गुलनारने दुकानात पाटी लावावी: नोझल तोंडाने फुंकू नये.

५. जनाजा उठण्याआधी तौसिफने रीतीप्रमाणे जमलेल्यांकडे माझ्यासाठी माफी मागावी. त्याआधी कलम चार कारभारीच्या बायकोला, शालूबाईंना, वाचून दाखवावे. त्या नाही म्हणाल्या तर गळ घालू नये. मातीला उशीर करू नये.

पुरवणी. वरील मजकूर ऐकून गुलनार म्हणाली, मेल्यावर माफी मागणे हा भित्रेपणा आहे. म्हणून शालूबाईंना आजच बोलावले. हे लिहिणाऱ्या गणेशने कलम चार वाचले.  शालूबाई म्हणाल्या, "भाऊ, मी वावरात तठीच होती. पान्यानं भरलेला गुंड घेऊन उभी. त्यायनं दोनदा फुकलं, मी पाहत राह्यली. मंग म्या कोनाले माफी मांगू?"

 कलम पाचमधला त्यांच्याबद्दलचा मजकूर रद्द समजावा.

ठिकाण: धामणगाव बढे. दिनांक: ९ मार्च २०१९.
सही: शेख शकूर

साक्षीदार:
१. गणेश, अर्ज लिहिणारे (सही)
२. शालूबाई कारभारी (डावा अंगठा, स्वतः शाई मागून घेऊन दिला)