पाहून राहिलो

सौंसर, बुधवार

प्रिय स्वप्निल,

जमलं! अरे, जमलं एकदाचं! माझं संत्र्यांचं ॲप आज पांढुर्ण्याच्या व्यापाऱ्यांसमोर धडाधड चाललं, आणि आईच्या आधी तुला सांगावंसं वाटलं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या बहिणीच्या, रूपालीच्या हाती देतेय. तुझी रविवारची बातमीही तिच्याकडूनच कळली. त्या बातमीकडे शेवटी येते.

आधी भानगड ऐक. बागेचा माल कुठे विकायचा, ते शेतकऱ्यानं एका यादीतून निवडायचं: नागपूर, पांढुर्णा, नाहीतर ‘विकायचा नाही’. ज्यानं काहीच निवडलं नाही, त्याच्या नावापुढे प्रोग्रॅममध्ये ‘नल’ येतो. तू गणिताचा मास्तर, म्हणून सांगते, नल म्हणजे शून्य नव्हे आणि नकारही नव्हे. उत्तर अजून आलेलंच नाही, एवढंच. पण यादीत नलसाठी ओळच नव्हती, म्हणून स्क्रीन पांढरीफटक! आमच्या टीममधल्या अभिजीतनं शक्कल लढवली: नल आला की सरळ ‘विकायचा नाही’ दाखवायचं. स्क्रीन चालू झाली, आम्ही खुशीत समोसे खाल्ले.

आणि परवा सावरगावच्या मोतीरामकाकांचा फोन. एकही व्यापारी त्यांच्या बागेकडे फिरकेना. असे कडाडले! “पोरी, म्या नाही कवा म्हटलं? म्या त अजून पाहून राहिलो!”

मला हसू आवरेना. तोच शब्द यादीत सगळ्यात वर टाकला: ‘पाहून राहिलो’. आत नल तो नलच, पण आता त्याला हक्काची जागा आहे, आणि कोणाच्या गप्प बसण्याचा आम्ही परस्पर नकार करत नाही. आज काकांच्या बांधावर व्यापाऱ्यांच्या गाड्या होत्या आणि काका मजेत भाव चढवत होते.

परतताना बसमध्ये एकदम लख्ख झालं बघ. लोधीखेड्याच्या स्टँडवर तू विचारलं होतंस, लग्न करशील का? मी म्हटलं, ‘पाहू’. तू मान हलवलीस आणि गेलास, आणि आता रविवारी मुलगी पाहायला निघालास. अरे शहाण्या, तूही अभिजीतच निघालास की! मी नाही कधी म्हटलं? मी पाहून राहिले होते. आता पाहून झालं. माझं उत्तर हो आहे, हो! रविवारी मुलगी पाहायचीच असेल, तर आमच्या घरी ये.

तुझीच (आज पहिल्यांदा लिहितेय),
अश्विनी